थंडीने मार खाल्लेली रोपे : टाकण्याआधी दहा दिवस थांबा



मार्गशीर्ष सरून पौष लागला, की शेतकी खात्याच्या गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. सुरूच्या लागणीसाठी ट्रेमध्ये किंवा प्लास्टिकच्या पिशवीत वाढवलेली एक डोळ्याची रोपे काल हिरवीगार होती, आणि एका रात्रीत त्यांची पाने भाजल्यासारखी झाली. आता ती ठेवायची की टाकायची? घरातल्या आयाबहिणींचा प्रश्नही याच जातीचा असतो. दारातल्या कुंडीत, तेलाच्या डब्यात लावलेली मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू सकाळी माना टाकून बसलेली दिसतात.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट होते. कोणी वैतागून सगळी रोपे उकिरड्यावर फेकतो, तर कोणी घाबरून भरपूर पाणी आणि वर मूठभर युरिया देतो. पहिल्या प्रकारात जगणारी रोपे वाया जातात आणि दुसऱ्या प्रकारात जगणारी रोपे मरतात. तिसरेही एक नुकसान आहे आणि ते सर्वांत महागात पडते. अर्धमेली रोपे तशीच रानात लावली जातात आणि मग वर्षभर तुटाळ दिसत राहते. म्हणून थंडीनंतर रोपांचे काय करावे, याची माहिती या अंकात देत आहोत.

पिशवीतल्या रोपालाच थंडी जास्त का बाधते?

रानातल्या उसाच्या मुळ्या जमिनीच्या पोटात असतात. दिवसभर तापलेली जमीन रात्री हळूहळू निवते, त्यामुळे वीतभर खाली रात्रीची थंडी फारशी पोचत नाही. ट्रेच्या एका कप्प्यात मात्र ओंजळभरसुद्धा कोकोपीट मावत नाही. त्याला खालून, वरून आणि चारी बाजूंनी वारा लागतो. संध्याकाळी जी काही ऊब असते ती मध्यरात्रीच्या आत निघून जाते आणि पहाटे मुळ्या हवेइतक्याच गार होतात. पत्र्याचा डबा तर मातीच्या कुंडीपेक्षा लवकर निवतो. ट्रे लोखंडी मांडणीवर उंच ठेवले असतील तर खालूनही थंडी लागते. म्हणूनच कडाक्यानंतर पाहिले तर कडेच्या ट्रेमधली रोपे जास्त करपलेली आणि मधली बरी दिसतात. मधल्या रोपांना शेजाऱ्यांचा आडोसा मिळालेला असतो.

दुसरी गोष्ट जागेची. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असली की जमिनीची ऊब सरळ आकाशाकडे निघून जाते. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि ओढ्याकाठी, नदीकाठी, खोलगट रानात साचते. त्यामुळे माळावरची रोपवाटिका वाचते आणि शंभर पावलांवरची ओढ्याकाठची करपते. अशा रात्री उघड्यावरच्या पानाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी खाली जाते. म्हणून पारा ३-४ अंश दाखवत असला तरी पानावर दव गोठलेले आढळते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हा प्रकार नेहमी पाहायला मिळतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा २ अंशांच्या खाली उतरला होता. आपल्याकडे दर वर्षी एवढी पाळी येत नाही, पण रोपांना अपाय व्हायला पाणी गोठावेच लागते असे नाही.

थंडी रोपाला नेमके काय करते?

थंडीचे दोन प्रकार समजून घ्यावेत. पहिला गारठ्याचा. पारा १५ अंशांखाली गेला की उसाची वाढ मंदावते आणि १० अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू हीदेखील उबेची झाडे. गार पडलेल्या मुळ्या पाणी ओढू शकत नाहीत. वर ऊन पडते, पाने पाणी सोडू लागतात आणि खालून पुरवठा होत नाही. कोकोपीट ओले असूनही रोप माना टाकते ते यामुळे. गार मातीतून स्फुरदही नीट उचलला जात नाही, म्हणून टोमॅटोची पाने खालून जांभळट दिसू लागतात.

दुसरा प्रकार दव गोठण्याचा. यात पानातल्या पाण्याचे बर्फ होते, पेशी फुटतात आणि ऊन चढल्यावर पान उकडल्यासारखे मऊ, पाणचट होऊन नंतर तपकिरी पडते. असे करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. परंतु पान गेले म्हणजे रोप गेले असे समजू नये. रोपाचा जीव पानात नसून वाढीच्या कोंबात असतो. तो कोंब वाचला की नाही, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

रोपाचा जीव कुठे असतो?

ऊस आणि मिरची यांच्यात इथे मोठा फरक आहे. उसाचे रोप लहान असताना वर दिसतो तो सगळा पानांचाच गुंडाळा असतो. खरा वाढीचा कोंब खाली बुडख्यात, मातीच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली असतो. म्हणून वरची सगळी पाने वाळली तरी बुडखा शाबूत असेल तर पोंग्यातून नवे पान वर येते. मुख्य कोंब मेला तरी बुडाशी बाजूचे डोळे असतात. जेठा कोंब काढल्यावर फुटवे जोमाने येतात हे आपण सर्वजण जाणतो. थंडीने जेठा कोंब मारला, तर मुळ्या चांगल्या असलेल्या रोपात तेच घडू शकते.

मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू यांचा वाढीचा कोंब मात्र शेंड्याला, अगदी उघड्यावर असतो. थंडीचा पहिला घाव त्याच्यावर बसतो. तरीही प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो. झेंडूचा शेंडा खुडला की बाजूने फांद्या येतात, तसेच शेंडा करपल्यावर खालचे डोळे फुटतात. मात्र खोड जमिनीपर्यंत काळे पडले असेल तर आशा ठेवू नये. तुळस हंगामी नसली तरी तिलाही हीच कसोटी लावावी.

कडाक्यानंतर पहिले काही दिवस

१) गोठलेल्या पानांना हात लावू नये, झटकू नये. बर्फ आपोआप सुटू द्यावा. सकाळचे कोवळे ऊन आडोशातून येऊ द्यावे, रोपे उचलून एकदम कडक उन्हात नेऊ नयेत. गरम पाणी तर चुकूनही ओतू नये.

२) पाणी देण्याआधी बोट खुपसून पाहावे. कोकोपीट किंवा माती ओली लागली तर पाणी देऊ नये, मग रोपाने माना टाकल्या असल्या तरी. त्या रोपाला तहान लागलेली नसते, त्याच्या मुळ्या गारठलेल्या असतात. कोरडे लागले तरच सकाळी दहानंतर, ऊन आल्यावर, थोडे पाणी द्यावे. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे उपसलेले पाणी हिवाळ्यात कोमट लागते, ते उत्तम. रात्रभर उघड्या टाकीत निवलेले पाणी सकाळी देऊ नये.

३) कडेचे ट्रे मध्ये घ्यावेत आणि सर्व ट्रे एकमेकांना चिकटवून ठेवावेत. उंच मांडणीवरचे ट्रे शक्य असल्यास खाली जमिनीवर, पाचटाच्या थरावर उतरवावेत. पाणी साचेल अशी जागा टाळावी. कुंड्या आणि डबे भिंतीलगत, पूर्वेचे किंवा दक्षिणेचे ऊन येईल अशा बाजूला ठेवावेत.

४) वाळलेली पाने लगेच कापू नयेत. दिसायला वाईट दिसतात हे खरे, पण पुढची थंडीची लाट आली तर हीच वाळलेली पाने खालच्या कोंबाला पांघरूण होतात. मऊ पडून सडलेली, वास येणारी पाने मात्र काढून दूर टाकावीत.

५) युरिया देऊ नये. गारठलेल्या मुळ्यांना तो उचलता येत नाही आणि उरलेल्या खताच्या क्षाराने त्याच मुळ्या भाजतात. शिवाय युरियाने आलेली लुसलुशीत फूट पुढच्या थंडीत सर्वांत आधी जाते.

६) ओल आणि गारठा एकत्र आले की बुरशी जोर धरते. रोपे बुडाशी बारीक होऊन कोलमडू लागली, तर ती रोपे काढून टाकावीत, पाणी कमी करावे, हवा खेळती ठेवावी आणि १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून बुडाशी द्यावे.

दहाव्या दिवशीची कसोटी

थंडीची लाट ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी रोपे एकेक करून तपासावीत. त्याआधी तपासल्यास फसगत होते. मेलेला भाग पूर्ण वाळायला आणि जिवंत भाग हलायला एवढे दिवस लागतातच.

उसाच्या रोपात आधी पोंगा पाहावा. मधले पान बोटभर तरी हिरवे वर सरकले असेल तर रोप जगले. पोंगा वाळलेला दिसल्यास हलकेच ओढावा. घट्ट बसलेला असेल तर आणखी काही दिवस द्यावेत. सहज हातात आला आणि बुडाशी कुजकट वास आला तर मुख्य कोंब मेला. इथे एक खबरदारी घ्यावी. पोंगा खोडकिडीनेही मरतो, पण त्यात बुडाशी बारीक छिद्र दिसते. थंडीने मेलेल्या कोंबात छिद्र नसते.

खात्री करायची असेल तर दर ट्रेमधील एक-दोन संशयित रोपे बळी देऊन बुडखा उभा चिरून पाहावा. आत पांढरा, टणक भाग दिसला तर तो जिवंत. तपकिरी, पाणचट दिसला तर मेलेला. त्याच वेळी मुळ्या पाहाव्यात. पांढऱ्या टोकाच्या नव्या मुळ्या म्हणजे रोप कामाला लागले. मुळीची साल सरकून आत नुसता दोरा उरत असेल तर ती मुळी गेली.

मिरची-वांग्यासारख्या रोपात नखाने खोड किंचित खरवडावे. आत हिरवे दिसेल तिथपर्यंत जीव आहे. शेंड्याकडून खाली सरकत जावे आणि हिरवा भाग सुरू होतो ती जागा ध्यानात ठेवावी. थंडी संपल्यावर तिथूनच छाटायचे आहे.

या तपासणीवरून रोपांचे तीन भाग करावेत. नवे पान चालू झालेली रोपे लागणीसाठी. कोंब मेला पण बुडखा व मुळ्या चांगल्या आहेत, ती वेगळ्या ट्रेमध्ये राखीव. बुडखा नासलेली रोपे खड्ड्यात. सगळी एकत्र ठेवू नयेत. नासक्या रोपांची बुरशी शेजाऱ्याला लागते आणि पाणी देताना कोणाला किती द्यावे तेही कळत नाही.

पांढरे पट्टे दिसले तर

थंडी गेल्यावर महिनाभराने उसाच्या पानांवर आडवे पांढरट पट्टे दिसतात आणि सभासद घाबरतात. पोंग्यात गुंडाळलेल्या कोवळ्या पानाला थंडीचा चटका बसतो. पुढे पान उलगडून वर आले की तेवढा भाग फिका राहतो. शेजारशेजारच्या रोपांत हे पट्टे साधारण एकाच उंचीवर असतात, ही त्याची खूण. हा रोग नाही, त्याला औषध नाही आणि त्याची गरजही नाही. पुढची पाने स्वच्छ येतात.

लोहाच्या कमतरतेचा केवडा वेगळा. त्यात पानाच्या शिरा हिरव्या राहून मधल्या उभ्या रेघा पिवळ्या पडतात. आडवे ते थंडीचे, उभे ते लोहाचे, एवढे लक्षात ठेवले तर फवारणीचा फुकटचा खर्च वाचेल.

पुन्हा जोम धरण्यासाठी

खताची वेळ रोपच सांगते. पहिले नवे पान पूर्ण उलगडल्यावर १० लिटर पाण्यात ३० ते ५० ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत मिसळून उन्हाच्या वेळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा एकदा द्यावे. कुंड्यांना मूठभर चांगले कुजलेले शेणखत वरून घालून माती हलकी करावी. ताजे शेण घालू नये. चुलीतली राख पालाशासाठी चिमूटभर चालेल, ओंजळभर नको.

मिरची, वांगी, झेंडूची छाटणी रात्रीचा गारठा ओसरल्यावर करावी. हिरव्या भागावर एक डोळा राखून स्वच्छ कातरीने कापावे. टोमॅटोचे रोप फार करपले असेल तर त्याच्यामागे न लागता नवे बी टाकलेले बरे. हंगामी झाडाचे आयुष्यच चार महिन्यांचे, त्यातला एक महिना दुरुस्तीत घालवून हाती फार येत नाही. कोणते रोप राखायचे याचा हा हिशेब कुंडीलाही लागू आहे.

लागणीचा हिशेब

सुरूची लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. तेव्हा पौषात मार बसलेल्या रोपांना पंधरा दिवस विश्रांती दिली तरी हंगाम हातचा जात नाही. नवी दोन पाने उलगडली, रोप उचलल्यावर कोकोपीटचा गड्डा न फुटता मुळ्यांसह वर आला, की रोप लागणीला तयार समजावे. त्या वेळी वाळलेले शेंडे कापून टाकावेत. लागणीआधी चार-पाच दिवस शेडनेटबाहेर, मोकळ्या उन्हात रोपे सोसवून घ्यावीत.

घाईने अर्धमेली रोपे लावली तर काय होते, त्याचा हिशेब पाहा. पाच फूट सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरले तर एकराला ४,३५६ रोपे बसतात. त्यातली शेकडा दहा मेली, तर सुमारे ४३५ जागा मोकळ्या. प्रत्येक जागा दहा चौरस फुटांची, म्हणजे एकरात चार गुंठे रान रिकामे राहिले. नांगरट, खत, पाणी आणि भांगलण चाळीस गुंठ्यांची, आणि ऊस छत्तीस गुंठ्यांचा! खोडव्यातही ती जागा मोकळीच राहते. उशिरा नांगी भरली तरी मागून लावलेले रोप मोठ्या उसाच्या सावलीत दबते. म्हणून राखीव ट्रेमधील रोपे जगली तर ती नांगी भरण्यासाठी वापरावीत आणि लागणीपासून पंधरा-वीस दिवसांत हे काम उरकावे.

मोजणी केल्यावर रोपे कमी पडणार असे दिसले, तर त्याच दिवशी आपल्या गट ऑफिसला कळवावे. जानेवारीत कळले तर रोपांची सोय पाहता येते, फेब्रुवारीच्या मध्यावर कळून उपयोग नाही.

पुढच्या लाटेची तयारी

एक लाट गेली म्हणून निर्धास्त राहू नये. थंडीचा अंदाज आला की दुपारी ट्रेला बेताचे पाणी द्यावे, कारण ओले कोकोपीट कोरड्यापेक्षा ऊब जास्त वेळ धरते. सूर्य मावळण्याआधी गोणपाट, जुनी लुगडी किंवा शेडनेट पांघरावे. प्लास्टिक कागद वापरायचा असेल तर कमानीवर टाकावा. तो पानांना चिकटला की तेवढी पाने करपतात. सकाळी नऊच्या सुमारास पांघरूण न चुकता काढावे, नाही तर आत वाफ धरून रोपे पिवळी पडतात.

नेहमीच्या काही शंका

*शेकोटीच्या धुराने रोपे वाचतात का?* धुरापेक्षा आगीची ऊब आणि हलणारी हवा थोडीफार उपयोगी पडते. पण शेडनेट आणि पाचट जवळ असताना जाळ करणे धोक्याचे. पांघरूण जास्त भरवशाचे आणि बिनखर्चाचे.

*कुंड्या घरात आणून ठेवल्या तर?* रात्री पडवीत किंवा ओसरीवर घ्याव्यात, दिवसा बाहेर ठेवाव्यात. आठवडाभर अंधारात ठेवलेले रोप फिके, लांबट होते आणि बाहेर काढल्यावर उन्हाने करपते.

*पाने सगळी वाळली, पण दुकानदार टॉनिक घ्या म्हणतो. घ्यावे का?* हिरवे पान नसेल तर फवारलेले औषध शोषणार कोण? आधी पान येऊ द्यावे, मग पैसे खर्च करावेत.

सभासद बंधूंनो, आजारी माणसाला आपण उठल्याबरोबर पुरणपोळी वाढत नाही. आधी पेज देतो, मग मऊ भात आणि अंगात बळ आले की भाकरी. रोपाचेही तसेच आहे. आधी आडोसा, मग बेताचे पाणी, मग तपासणी आणि शेवटी खत, हा क्रम सांभाळावा. ज्यांच्या ट्रेमध्ये निम्म्याहून जास्त रोपे करपली आहेत त्यांनी ती फेकण्याआधी आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाला बोलावून बुडखा चिरून पाहावा. एका रोपाच्या मोबदल्यात बाकीच्या ट्रेची खरी अवस्था कळेल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते